तर्कशास्त्रीय बहुत्ववाद

एकापेक्षा अधिक तर्कशास्त्रे एकाच वेळी यथार्थ असू शकतात, असे प्रतिपादन करणारे मत. ह्याच्या विरोधी मताला ‘तर्कशास्त्रीय एकत्ववाद’ म्हणतात. कोणत्या आधारविधानांवरून कोणता निष्कर्ष निष्पन्न होतो, ह्या प्रश्नाला एकच अंतिम उत्तर असते व ते देणारे यथार्थ तर्कशास्त्रही एकच असते, असे एकत्ववाद मानतो. हा वाद समजून घेण्यासाठी एक भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. परस्परांहून भिन्न अशा अनेक तर्कव्यवस्था रचता येतात, ही गोष्ट निर्विवाद आहे. चिन्हे आणि ती हाताळण्याचे नियम निश्चित केले, की एक व्यवस्था सिद्ध होते. तेवढ्याने ती खरी किंवा खोटी ठरत नाही. परंतु तर्कशास्त्राकडून आपली अपेक्षा ह्याहून मोठी असते. आपण जे युक्तिवाद प्रत्यक्ष करतो, त्यांतील वैध कोणते आणि अवैध कोणते, ह्याचा निर्वाळा त्याने द्यावा, असे आपण मानतो. बहुत्ववादाचा प्रश्न ह्या निर्वाळ्याविषयीचा आहे. एकच युक्तिवाद एका तर्कशास्त्रानुसार वैध आणि दुसऱ्यानुसार अवैध ठरत असेल, तर त्या दोहोंनाही यथार्थ म्हणता येईल काय?

प्राचीन पार्श्वभूमी : हा प्रश्न आजच्या स्वरूपात विसाव्या शतकातच उभा राहिला, परंतु त्याची बीजे जुनी आहेत. ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. ३८४–३२२) आपल्या मेटॅफिजिक्स ह्या ग्रंथाच्या चौथ्या भागात अव्याघात नियमाचे, म्हणजे एकच गोष्ट एकाच वेळी व एकाच दृष्टीने असणे आणि नसणे अशक्य आहे ह्या नियमाचे, विस्ताराने समर्थन केले. हा नियम सिद्ध करता येत नाही, कारण प्रत्येक सिद्धता त्यावर विसंबते. मात्र तो नाकारणारा जेव्हा काही अर्थपूर्ण बोलतो, तेव्हा तो त्याचा स्वीकारच करीत असतो, असे त्याचे म्हणणे होते. प्रत्येक विधान सत्य तरी असते किंवा असत्य तरी असते, ह्या द्विमूल्य तत्त्वाविषयी मात्र त्याने एक शंका उपस्थित केली. ‘उद्या आरमारी लढाई होईल’ हे विधान आजच सत्य किंवा असत्य असेल, तर भविष्य आजच निश्चित झाले आहे असे होईल. म्हणून भविष्यकालीन विधानांना ॲरिस्टॉटलने हे तत्त्व लागू केले नसावे, असा त्याच्या विवेचनाचा अर्थ काही भाष्यकारांनी लावला. उलट स्टोइक तत्त्वज्ञ क्रिसिपस ह्याने द्विमूल्य तत्त्व निरपवाद आहे, असे आग्रहाने मांडले.

भारतीय परंपरेत नागार्जुनाने (इ. स. सु. दुसरे शतक) वापरलेली चतुष्कोटी प्रसिद्ध आहे. आहे, नाही, आहे आणि नाही, आहेही नाही आणि नाहीही नाही, असे चार पर्याय मांडून तो बहुधा चारांचाही निषेध करतो. जैनांच्या स्याद्वादात ‘स्यात्’ म्हणजे एका विशिष्ट दृष्टीने, ह्या पदाच्या साहाय्याने एकाच वस्तूविषयी सात प्रकारची विधाने मान्य केली आहेत. पी. सी. महालनोबिस ह्यांनी १९५४ साली आणि जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी १९५७ साली ह्या सप्तभंगीचा संबंध संभाव्यतेच्या आधुनिक कल्पनांशी जोडून दाखविला. तथापि ह्या मतांना सरसकट ‘पर्यायी तर्कशास्त्र’ म्हणणे सावधपणाचे होणार नाही. दृष्टी बदलली की विधानही बदलते, म्हणून स्याद्वादात व्याघात नाही, असे जैन आचार्य स्वतःच सांगतात. नैयायिक उदयनाचार्यांनी तर दोन परस्परविरोधी पर्यायांखेरीज तिसरा पर्याय संभवत नाही, असे स्पष्टपणे म्हटले आहे. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात स्याद्वादावर घेतलेला एक आक्षेप मात्र येथे विशेष महत्त्वाचा आहे. सर्वच ज्ञान अनिश्चित रूपाचे मानले, तर हा सिद्धांतही अनिश्चितच ठरेल, असा तो आक्षेप होय. आधुनिक बहुत्ववादालाही त्याला तोंड द्यावे लागते.

एकत्ववादाला पडलेला पहिला तडा : ॲरिस्टॉटलनंतर तर्कशास्त्राला एक पाऊलही पुढे टाकता आलेले नाही व ते बहुधा परिपूर्ण झाले आहे, असे कांटने शुद्ध बुद्धीची मीमांसा ह्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या (१७८७) प्रस्तावनेत म्हटले. पुढे गोटलोप फ्रेग (१८७९) तसेच ए. एन. व्हाइटहेड व बर्ट्रंड रसेल (१९१०–१३) ह्यांनी तर्कशास्त्राचे स्वरूप आमूलाग्र पालटले. पण यथार्थ तर्कशास्त्र एकच आहे, हा विश्वास त्यांनीही ढळू दिला नाही. त्यांनी घडविलेल्या व्यवस्थेलाच आज ‘अभिजात तर्कशास्त्र’ असे म्हणतात [⟶ तर्कशास्त्र].

दरम्यान भूमितीत एक क्रांती झाली होती. निकोलाय लोबाचेव्हस्की (१८२९) व यानोश बोयॉई (१८३२) ह्यांनी यूक्लिडचे समांतर रेषांविषयीचे गृहीतक न मानणारी सुसंगत भूमिती रचून दाखविली. लोबाचेव्हस्की ज्या कझान विद्यापीठात होता, त्याच विद्यापीठातील निकोलाय वासिल्येव्ह (१८८०–१९४०) ह्याने १९१० मध्ये हा दृष्टांत तर्कशास्त्राला लावला. लोबाचेव्हस्कीच्या ‘काल्पनिक भूमिती’वरून त्याने आपल्या रचनेला ‘काल्पनिक तर्कशास्त्र’ असे नाव दिले व त्यात अव्याघात नियमाला स्थान दिले नाही. दृष्टांत आकर्षक असला, तरी त्यात एक अडचण आहे. दोन भूमितींची तुलना करताना दोघींनाही समान असे तर्कशास्त्र आपल्या हाती असते. दोन तर्कशास्त्रांची तुलना मात्र कोणत्या तर्कशास्त्राने करावयाची, हा प्रश्न उरतोच.

विमध्य नियमाचा वाद : ह्या प्रश्नाला प्रत्यक्ष व्यवहारातील धार आली, ती गणितात. डच गणिती एल. ई. जे. ब्राउअर (१८८१–१९६६) ह्याने १९०८ साली तर्कशास्त्रीय तत्त्वांच्या अविश्वसनीयतेवर एक निबंध लिहिला आणि विमध्य नियमावर, म्हणजे ‘प किंवा प-नाही’ ह्या नियमावर, आक्षेप घेतला. त्याच्या अंतःप्रज्ञावादानुसार गणिती वस्तू मनाने रचल्या जातात. म्हणून एखादे गणिती विधान सत्य आहे म्हणजे त्याची रचनारूप सिद्धता आपल्या हाती आहे. सांत समूहांच्या बाबतीत एकेक घटक तपासून निर्णय करता येतो; अनंत समूहांच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. π ह्या संख्येच्या दशांश विस्तारात ०१२३४५६७८९ हा क्रम कोठे तरी येतो काय, हे ब्राउअरने दिलेले एक उदाहरण. तो क्रम येतो किंवा येत नाही, असे आधीच म्हणण्याचा अधिकार आपणास नाही, असे त्याचे मत होते. पुढे १९९७ साली यासुमासा कानाडा ह्या जपानी गणितज्ञाच्या संगणकीय गणनेत हा क्रम सतरा अब्जाहून अधिक अंकांनंतर आढळला. त्यामुळे हे उदाहरण कालबाह्य झाले. पण मुद्दा झाला नाही, कारण असे अनिर्णित प्रश्न हवे तितके तयार करता येतात.

ह्या मतभेदाने काय पणाला लागते, हे एका सोप्या सिद्धतेवरून कळेल. एका अपरिमेय संख्येचा अपरिमेय घात परिमेय असू शकतो, हे दाखवावयाचे आहे. २ च्या वर्गमूळाचा २ च्या वर्गमूळाइतका घात घ्यावा. तो परिमेय असेल, तर काम झाले. तो अपरिमेय असेल, तर त्याचाच पुन्हा २ च्या वर्गमूळाइतका घात घ्यावा. तो २ येतो, म्हणजे तरीही काम झाले. अभिजात तर्कशास्त्रानुसार ही सिद्धता निर्दोष आहे. परंतु दोन पर्यायांपैकी खरा कोणता, हे ती सांगत नाही. म्हणून इष्ट संख्यांची एकही जोडी तिच्यामुळे आपल्या हाती येत नाही. ब्राउअरच्या दृष्टीने ही सिद्धताच नव्हे. २ चे वर्गमूळ आणि ९ चा २ ह्या आधारांकाचा लॉगरिथम ही जोडी घेतली, तर मात्र दोन्ही संख्या अपरिमेय असून घात ३ येतो. ही सिद्धता त्यालाही मान्य होईल. एकाच सिद्धांताला अशा दोन सिद्धता असतात व दुसरीतून मिळणारे ज्ञान पहिलीतून मिळत नाही. ब्राउअरचा आग्रह ह्या फरकासाठी होता.

डाव्हिट हिल्बर्टने (१८६२–१९४३) त्याला तीव्र विरोध केला. गणितज्ञाकडून विमध्य नियम काढून घेणे म्हणजे खगोलज्ञाकडून दूरदर्शक किंवा मुष्टियोद्ध्याकडून त्याच्या मुठी काढून घेण्यासारखे आहे, अशा आशयाचे उद्‌गार त्याने १९२७ सालच्या हँबर्ग येथील व्याख्यानात काढले. हा वाद केवळ शब्दांचा राहिला नाही. १९२८ साली हिल्बर्टने पुढाकार घेऊन ब्राउअरला माथेमाटिश आनालेन ह्या अग्रगण्य गणिती नियतकालिकाच्या संपादक मंडळातून दूर केले.

पुढील संशोधनाने मात्र वादाचे स्वरूप बदलले. आरेंट हायटिंगने १९३० साली अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्राचे नियम आकारिक स्वरूपात मांडले. त्यापूर्वीच, १९२९ मध्ये, व्हालेरी ग्लिव्हेंकोने असे सिद्ध केले होते, की विधानीय तर्कशास्त्रातील जे सूत्र अभिजात पद्धतीने सिद्ध होते, त्याचा दुहेरी नकार अंतःप्रज्ञावादी पद्धतीनेही सिद्ध होतो. कुर्ट गडेलने १९३३ मध्ये अभिजात अंकगणिताचे अंतःप्रज्ञावादी अंकगणितात भाषांतर करता येते, हे दाखविले. म्हणजे दुसऱ्यात व्याघात नसेल, तर पहिल्यातही असू शकत नाही. ज्या दोन पक्षांना आपण एकमेकांचे खंडन करीत आहोत असे वाटत होते, ते ‘नाही’, ‘किंवा’, ‘अस्तित्वात आहे’ हे शब्द भिन्न अर्थांनी वापरीत असावेत, ही शंका त्यामुळे बळावली.

इतर पर्यायी तर्कशास्त्रे : त्याच काळात इतर दिशांनीही अभिजात तर्कशास्त्राचे नियम तपासले गेले. पोलिश तर्कवेत्ता यान वूकाशेव्हिच (१८७८–१९५६) ह्याने १९२० साली सत्य व असत्य ह्यांच्या जोडीला ‘शक्य’ हे तिसरे मूल्य मानणारे तर्कशास्त्र प्रसिद्ध केले. त्यामागे ॲरिस्टॉटलच्या आरमारी लढाईचा प्रश्न होता. गॅरेट बर्कॉफ व जॉन फोन नॉयमान ह्यांनी १९३६ मध्ये पुंजयामिकीतील विधानांना ‘आणि’ व ‘किंवा’ ह्यांचा वितरण नियम लागू पडत नाही, असे मांडले. हिलरी पटनमने १९६८ साली त्यावरून तर्कशास्त्रही अनुभवाच्या आधारे बदलता येते, असा निष्कर्ष काढला. पुढे मात्र त्याने ही भूमिका सोडून दिली.

अव्याघात नियमाशी निगडित असा आणखी एक प्रश्न आहे. अभिजात तर्कशास्त्रात एका व्याघातावरून कोणतेही विधान निष्पन्न होते. ‘प’ आणि ‘प-नाही’ ही दोन्ही मानली, तर ‘प’ वरून ‘प किंवा फ’ मिळते व ‘प-नाही’ च्या साहाय्याने त्यावरून ‘फ’ मिळते. मग ‘फ’ हे काहीही असो. एखाद्या नोंदसंग्रहात एकाच व्यक्तीचे जन्मवर्ष एका नोंदीत १९३० व दुसरीत १९३२ असेल, तर त्यावरून पृथ्वी सपाट आहे असा निष्कर्ष कोणी काढत नाही. ही आपत्ती टाळणाऱ्या व्याघातसह तर्कशास्त्रांची मांडणी स्टॅनिस्लाव्ह याश्कोव्हस्की (१९४८) व न्यूटन द कॉस्टा (१९६३) ह्यांनी केली. न्युएल बेल्नॅपने १९७७ साली संगणकासाठी चार मूल्यांचे तर्कशास्त्र सुचविले. ‘सत्य असल्याची माहिती आहे’, ‘असत्य असल्याची आहे’, ‘दोन्ही आहेत’ व ‘एकही नाही’ ही ती मूल्ये होत. चतुष्कोटीशी त्यांचे साम्य लक्षणीय आहे. परंतु बेल्नॅपची मूल्ये वस्तूंविषयी नसून मिळालेल्या माहितीविषयी आहेत.

बहुत्ववादाची मांडणी : ह्या विविधतेचा अर्थ कसा लावावा, ह्याविषयी रूडॉल्फ कार्नॅपने (१८९१–१९७०) १९३४ साली आपले ‘सहिष्णुतेचे तत्त्व’ मांडले. प्रत्येकाने आपल्याला हवी तशी भाषा व तिचे तर्कशास्त्र रचावे; नियम स्पष्ट सांगावेत, एवढीच अपेक्षा आहे. त्यानंतर निवड उपयुक्ततेवर सोडावी. ह्या बहुत्ववादात प्रत्येक भाषेला तिचे स्वतःचे तर्कशास्त्र असते. डब्ल्यू. व्ही. क्वाइनने (१९०८–२०००) त्यातील मर्यादा दाखविली. १९५१ साली त्याने तर्कशास्त्राचे नियमही तत्त्वतः बदलता येतील असे म्हटले होते. परंतु १९७० मध्ये, जो विमध्य नियम किंवा अव्याघात नियम नाकारतो तो ‘नाही’ ह्या शब्दाचा अर्थच बदलतो, म्हणजे तो वेगळ्याच विषयावर बोलू लागतो, असे त्याने प्रतिपादन केले. तसे असेल, तर दोन तर्कशास्त्रांत खरा विरोध उरत नाही व बहुत्ववादात विशेष असे काही राहत नाही.

ह्या आक्षेपाला उत्तर देणारी मांडणी जे. सी. बील व ग्रेग रेस्टॉल ह्यांनी २००० सालच्या एका निबंधात व २००६ सालच्या ग्रंथात केली. भाषा व शब्दांचे अर्थ तेच ठेवूनही वैधतेची एकाहून अधिक लक्षणे यथार्थ ठरतात, असे ते म्हणतात. ज्या प्रत्येक ‘प्रसंगी’ आधारविधाने सत्य असतात, त्या प्रत्येक प्रसंगी निष्कर्षही सत्य असेल, तर युक्तिवाद वैध होय, हे लक्षण सर्वांना मान्य आहे. पण ‘प्रसंग’ म्हणजे काय, हे त्यात निश्चित केलेले नाही. प्रसंग म्हणजे प्रत्येक प्रश्न निर्णीत असलेले, परिपूर्ण व सुसंगत असे शक्य विश्व मानले, तर अभिजात तर्कशास्त्र मिळते. टप्प्याटप्प्याने वाढणारी रचना मानली, तर अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्र मिळते. विश्वाचा अपूर्ण किंवा विसंगतही असू शकणारा अंश मानला, तर व्याघातावरून काहीही निष्पन्न न होऊ देणारे तर्कशास्त्र मिळते. ह्या तिन्ही अर्थांनी लक्षण नीट सुस्पष्ट होते, म्हणून तिन्ही तर्कशास्त्रे यथार्थ आहेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

स्ट्यूअर्ट शपीरो ह्यांनी २०१४ साली गणितातूनच आधार दिला. विल्यम लॉव्हिअर ह्यांच्या कल्पनांतून विकसित झालेल्या एका कलनशास्त्रात, ज्यांचा वर्ग शून्य आहे अशा अत्यल्प राशी मानतात. तेथे ‘अशा सर्व राशी शून्य आहेत’ हे असत्य ठरते आणि ‘त्यांतील अमुक एक राशी शून्याहून भिन्न आहे’ हेही असत्य ठरते. अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्रात ह्या दोन गोष्टी शांतपणे एकत्र नांदतात. तेथे विमध्य नियम आणला, तर प्रत्येक राशी शून्य किंवा शून्येतर ठरेल; शून्येतर तर कोणतीच नाही, म्हणून सर्व शून्य ठरतील आणि व्याघात उत्पन्न होईल. म्हणजे येथे दुर्बल तर्कशास्त्र घेण्यात केवळ संयम नाही. ते घेतल्याशिवाय हे गणित अस्तित्वातच येत नाही.

आक्षेप : बहुत्ववादावरील सर्वांत प्रबळ आक्षेप ग्रॅहम प्रीस्ट व स्टीफन रीड ह्यांनी मांडला. समजा, आधारविधाने सत्य आहेत हे आपणास माहीत आहे आणि त्यांवरून एक निष्कर्ष एका यथार्थ तर्कशास्त्रानुसार निष्पन्न होतो, दुसऱ्यानुसार होत नाही. मग तो निष्कर्ष स्वीकारावा की नाही? पहिले तर्कशास्त्र खरोखरच सत्याची हमी देत असेल, तर निष्कर्ष स्वीकारलाच पाहिजे आणि दुसऱ्याचे मौन निरर्थक ठरते. हमी देत नसेल, तर त्याला यथार्थ का म्हणावे? प्रीस्ट स्वतः काही व्याघात सत्य असतात असे मानणारा आहे, तर टिमथी विल्यम्सन अभिजात तर्कशास्त्राचा पुरस्कर्ता. पण यथार्थ तर्कशास्त्र एकच, ह्याबाबत दोघे सहमत आहेत. मायकेल डमेटनेही (१९२५–२०११) अंतःप्रज्ञावादी तर्कशास्त्राचे समर्थन सहिष्णुतेपोटी केले नाही, तर भाषेच्या अर्थाचा योग्य सिद्धांत आपल्याला त्याकडेच नेतो म्हणून केले.

दुसरा आक्षेप शंकराचार्यांच्या आक्षेपाशी जुळणारा आहे. बहुत्ववादाच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, तो कोणत्या तर्कशास्त्रानुसार वैध? एकाच तर्कशास्त्रावर तो विसंबत असेल, तर ते इतरांहून श्रेष्ठ ठरते. ह्यावर असे उत्तर देता येईल, की वादात भाग घेणाऱ्या सर्व तर्कशास्त्रांना समान असा नियमांचा एक गाभा असतो व बहुतेक विवेचन त्याच्या आधारे होऊ शकते. हे उत्तर खरे आहे. परंतु त्यामुळे बहुत्वाला मर्यादाही पडते.

समालोचन : एकाच प्रश्नाला दोन विरोधी उत्तरे देऊन दोन्ही खरी आहेत असे म्हणणे, हा बहुत्ववाद नव्हे, तो केवळ सापेक्षतावाद होईल. बहुत्ववादातील टिकणारा भाग असा, की ‘कशावरून काय निष्पन्न होते’ हा प्रश्न, अनुमानाने काय जपले जावे हे सांगितल्याशिवाय पुरता निश्चितच होत नाही. जगाविषयीचे सत्य जपावयाचे असेल, तर प्रीस्ट व रीड ह्यांचा आक्षेप लागू पडतो आणि तेथे निवड करावीच लागते. वस्तू प्रत्यक्ष हाती देणारी रचना जपावयाची असेल किंवा विसंगत नोंदींतून विश्वसनीय माहिती काढावयाची असेल, तर प्रश्न वेगळे आहेत व त्यांची उत्तरेही वेगळी आहेत. एकदा प्रश्न निश्चित झाला, की मात्र उत्तरात ऐच्छिक असे काही उरत नाही.

ब्राउअरच्या पराभवानंतर त्याचे तर्कशास्त्र इतिहासजमा झाले असे वाटत असताना, गणिती सिद्धता व संगणकाचा कार्यक्रम ह्यांत सूक्ष्म साधर्म्य आहे, हे विल्यम हॉवर्ड ह्यांनी १९६९ साली लिहिलेल्या व १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातून स्पष्ट झाले. रचनारूप सिद्धता म्हणजे इष्ट वस्तू काढून देणारी कार्यपद्धतीच होय. अशा तर्कशास्त्रावर आधारलेल्या कॉक ह्या संगणकीय प्रणालीच्या साहाय्याने झॉर्झ गाँतिए ह्यांनी २००५ साली चार रंगांच्या प्रसिद्ध सिद्धांताची सिद्धता तपासून पूर्ण केली. ज्या नियमांचा त्याग हिल्बर्टला गणितज्ञाचे हात बांधण्यासारखा वाटला, त्या त्यागातूनच हे नवे साधन मिळाले. आणि हिल्बर्टचे अभिजात गणितही त्यामुळे कोठे बाधित झाले नाही. विमध्य नियम वापरणाऱ्याने तो वापरल्याने आपणास काय मिळाले व काय हातचे गेले, हे जाणून असावे, एवढी अपेक्षा मात्र ह्या वादाने तर्कशास्त्राच्या अभ्यासकापुढे कायमची ठेवली आहे.